हर्षलाचं मनगट

माझ्याबद्दल सगळं आपल्याला माहीत आहे, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो आणि मी हसते. हे त्याला माहीत नाही. आईला माहीत नव्हतं. ती शेवटची आजारी होती तेव्हा मी तिच्या उशाशी बसून तासन्‌तास बोलले, पण हे सोडून सगळं बोलले. मैत्रिणींना नाही, बहिणीला नाही, देवासमोर हात जोडतानाही मी हे कधी मनातल्या मनात पुरतं म्हटलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. सांगताना तुमचा चेहरा मला दिसणार नाही म्हणून असेल.

एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं असं ठरवून बसले होते. पण ते तसं येत नाही. आधी हर्षलाबद्दल सांगावं लागेल.

आम्ही गिरगावातून नेरूळला राहायला आलो तेव्हा मी सातवीत होते. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. बाबा बँकेत, स्वतःचा फ्लॅट, तिसरा मजला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांब खाडीची चमकती रेघ. रस्ते इतके रुंद आणि इतके रिकामे की आई भाजी आणायला जातानाही मला सोबतीला न्यायची. वाशीला एका क्लबचा मोठा तलाव होता. मला बारा महिने सर्दी, आणि पोहण्यानं छाती मोकळी होते असं बाबांना कुणीतरी सांगितलेलं. छाती मोकळी झाली की नाही कोण जाणे. तिथं मला दळवी मॅडम भेटल्या.

दळवी मॅडमना सिंक्रोनाइज्ड स्विमिंगचं वेड होतं. तेव्हा आपल्याकडे हा प्रकार फारसा कुणी पाहिलेला नव्हता. आमच्या सोसायटीतले लोक ‘पाण्यातला गरबा’ म्हणायचे. गाण्याच्या तालावर दोघींनी, चौघींनी पाण्यात अगदी एकसारख्या हालचाली करायच्या. नाकाला चिमटा लावून उलटं व्हायचं, डोकं खाली, पाय सरळ वर पाण्याबाहेर. तळाला पाय टेकवायचा नाही. काठाला धरायचं नाही. आणि वर आलं की हसायचं. दम लागलेला असो, पायात गोळा आलेला असो, डोळ्यांत क्लोरीन जळत असो — हसायचंच. मॅडम काठावरून ओरडायच्या, “मेधा, दात! दात दिसू देत!” ते हसू मला फार लवकर जमलं. बाकी सगळ्याला वेळ लागला.

हर्षला करावे गावातली. नेरूळच्या आमच्या सेक्टरपासून चालत जाण्याएवढं जवळ, पण आमच्या बिल्डिंगमधलं कुणी सहसा तिकडे जायचं नाही. तिचे वडील खाडीत होडी घेऊन जायचे, आई नेरूळच्या बाजारात मासळी विकायची. शाळांच्या पोहण्याच्या स्पर्धेत मॅडमनी तिला पाहिलं. तिला धड हात मारता येत नव्हता. पण सूर मारून ती पाण्याखाली गेली ती इतका वेळ वर आलीच नाही की परीक्षक घाबरून खुर्चीतून उठले, आणि ही पलीकडच्या टोकाला डोकं काढून विचारते, “काय झालं?” मॅडमनी दुसऱ्याच दिवशी तिचं घर गाठलं.

अशी ती माझी जोडीदार झाली.

ती पाण्यात कशी होती ते मला नीट सांगता येणार नाही. मी पाण्यात काम करायचे. ती पाण्यात असायची. मॅडम एखादी गोष्ट मला आठवडाभर शिकवायच्या, तीच हर्षलाला एकदा दाखवली की पुरे. पण तिनं कधी तोरा दाखवला नाही. उलट मला खोल बाजूची भीती वाटायची, तेव्हा ती माझा हात धरून तळापर्यंत न्यायची आणि खाली माझ्याकडे बघून गाल फुगवून माकडासारखं तोंड करायची. पाण्याखाली हसू आलं की नाकातोंडात पाणी जातं, म्हणून मी तिला शिव्या घालायचे. तेव्हा आम्ही खरंच मैत्रिणी होतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. मी तिचा आधीपासून राग करायचे असं तुम्हाला वाटलं, तर ते सोपं होईल. आणि ते खरं नाही.

स्पर्धेच्या दिवशी केस हलू नयेत म्हणून अंबाड्यावर जिलेटिन गरम पाण्यात विरघळवून ब्रशनं लावायचं असतं. ते हाडांपासून करतात हे आईला कळलं आणि तिनं आमच्या स्वयंपाकघरात ते शिजवू दिलं नाही. मग आम्ही करावेला जायचो. हर्षलाच्या अंगणात तिची आई पाटावर आम्हाला पुढेमागे बसवायची आणि वाटीतलं चिकट पाणी चोपडायची. “मान हालवू नको गो पोरी, नायतर वाकरं बसल,” म्हणायची आणि मग स्वतःच आमची मान हलेल एवढं हसवायची. आम्ही तिला आईच म्हणायचो. मी पण.

आता नियमाबद्दल.

मॅडमनी आमच्यासाठी जो नाच बसवला होता, त्यात एक जागा फार अवघड होती. आम्ही दोघी उलट्या, पाय वर, आणि पाण्याखाली एका हातानं तोल सांभाळायचा, दुसऱ्या हातानं एकमेकींचं मनगट धरायचं. वरून बघणाऱ्याला फक्त चार पाय दिसायचे, एकाच झाडाला फुटल्यासारखे, हळूहळू गोल फिरणारे. तिथं श्वास सगळ्यात जास्त वेळ रोखावा लागायचा. म्हणून मॅडमचा नियम होता — जिला जमत नाहीसं वाटेल तिनं दुसरीचं मनगट दोनदा दाबायचं. दाबलं की दुसरीनं त्याच क्षणी सोडायचं आणि दोघींनी वर यायचं. “काय झालं, का झालं, ते वर आल्यावर. गुण गेले खड्ड्यात,” मॅडम म्हणायच्या. “कळलं का?”

कळलं होतं. सरावात मी कितीतरी वेळा दाबलं. एकदा तर काही झालेलंही नव्हतं, नुसतीच घाबरले होते. हर्षलानं प्रत्येक वेळी लगेच सोडलं. नुसतं सोडलं नाही, मला खालून ढकलून आधी वर पाठवलं. कधी विचारलं नाही की खरंच त्रास होत होता का.

तिनं मात्र कधी दाबलं नव्हतं. एकदाही नाही. त्या दिवसापर्यंत.

तो दिवस — वाशीच्या त्याच तलावावर शेजारच्या काही देशांच्या मुलींचे संघ आले होते. आमच्या क्लबसाठी केवढी मोठी गोष्ट! सगळीकडे झेंडे, काठावर लाल गालिचा, शामियाना, लाउडस्पीकरवर इंग्रजी. पाहुण्या मुलींचे पोशाख बघून आम्ही गप्पच झालो. आमच्या पोशाखांवरच्या टिकल्या हर्षलाच्या आईनं आणि मी दुपारभर बसून लावलेल्या. पण उतरायच्या आधी मॅडम आम्हाला जवळ घेऊन म्हणाल्या की आज पदक येऊ शकतं. खरंच येऊ शकतं, म्हणाल्या. पाहुण्यांच्या दोन जोड्या चुकल्या होत्या.

करावेहून टेम्पो भरून माणसं आली होती. तिची आई नऊवारी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून पहिल्या रांगेत. वडील मागे उभे, त्यांना बसवेना. आमच्या सोसायटीतलेही बरेच आले होते. मे महिन्याचं ऊन, कार्यक्रम लांबत चाललेला. हर्षलाच्या पोटात सकाळपासून काही ठरत नव्हतं — टेन्शन. दोनदा उलटी झाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “काय नाय गो, पान्यात गेलो की जाईल,” ती म्हणाली.

एक गोष्ट राहिली. आदल्या आठवड्यात मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या वर्षीच्या निवड शिबिरासाठी एकेरीला त्या हर्षलाचं नाव पाठवणार आहेत. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, “तू जोडीत छान दिसतेस, मेधा.” जोडीत छान. मी घरी जाऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. हर्षलाला काही बोलले नाही. तिला ते ठाऊक असूनही ती माझ्याशी त्याबद्दल बोलली नाही. माझ्या मनाला लागू नये म्हणून, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, लपवते.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या दिवशी माझ्यासोबत पाण्यात काय काय उतरलं, एवढंच.

गाणं सुरू झालं आणि — कसं सांगू? — मी त्या दिवशी जशी पोहले तशी त्याआधी कधी पोहले नव्हते, नंतरही नाही. हात आपोआप जात होते. पहिल्यांदाच मला हर्षलाच्या मागे धावावं लागत नव्हतं, आम्ही बरोबर होतो. टाळ्या पाण्याखालीसुद्धा जाणवत होत्या. मग ती अवघड जागा आली. आम्ही उलट्या झालो, मनगटं धरली, फिरायला लागलो.

आणि तिनं दाबलं.

मी लोकांना सांगितलं की तिनं काही खूण केली नाही. तिनं केली होती. स्पष्ट, दोनदा, आमचं ठरलं होतं तशी. मला कळली. मी घाबरलेली नव्हते, गोंधळलेली नव्हते. माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ विचार आला — आत्ता नको. थोडंच राहिलंय. हिचा श्वास माझ्याहून मोठा आहे, हिला होईल. आत्ता नको ना गं!

तिनं पुन्हा दाबलं.

इथवर मी मनातल्या मनात बरेचदा आले आहे. रात्री, बसमध्ये, मुलांना पोहायला शिकवताना. इथं आले की मी थांबते आणि स्वतःला म्हणते, तू दुर्लक्ष केलंस, पोरवय होतं, चूक झाली. पण हे एवढंच नाही. मी तुम्हाला हे सांगायला बसले त्याचं कारण याच्या पुढे आहे.

तिनं हात सोडवायला ओढला. आणि मी तो घट्ट धरला.

मी सोडलं नाही एवढंच नाही. मी धरून ठेवलं. बोटं रुतवून. ती वर गेली असती तर नाच मोडला असता, म्हणून मी तिला खाली धरून ठेवलं. तिनं दुसऱ्या हातानं माझी बोटं उकलायचा प्रयत्न केला, तिची नखं मला लागली. आणि मग तिचा हात सैल झाला. मला वाटलं — नाही, खोटं नको आता. मला काही वाटलं नाही. मला फक्त ताल ऐकू येत होता. तो पुरा झाला तेव्हा मी सोडलं आणि ठरल्याप्रमाणे वर आले, एक हात उंच करून, दात दाखवून, हसत.

माझ्या शेजारी पाणी रिकामं होतं. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं हा नाचाचाच भाग. मी हसत होते. किती वेळ हसत होते मला ठाऊक नाही. मग मॅडमनी बूट-चष्म्यासकट पाण्यात उडी घेतली आणि पहिल्या रांगेतून हर्षलाच्या आईची किंकाळी आली.

हर्षला वाचली. हे आधी सांगायला हवं होतं का? तिला काठावर उपडी घातली, पाणी काढलं, तोंडानं श्वास दिला. ओठ निळे पडले होते. वाशीच्या हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. न्यूमोनिया झाला, बरेच दिवस आत राहिली, पण वाचली.

स्पर्धेच्याच संध्याकाळी क्लबच्या ऑफिसात मला बसवलं. स्पर्धेचे दोन पदाधिकारी, एक डॉक्टर, आणि ओल्या कपड्यांतल्या दळवी मॅडम. कुणी माझ्यावर ओरडलं नाही. कुणीतरी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, चहा दिला. डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, “बेटा, तिनं तुला काही खूण केली का? काही धडपड?”

मी म्हणाले, “नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. एकदम गेली.”

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातावर ताजे ओरखडे होते. मी तो हात टॉवेलखाली घेतला. त्यांनी ते पाहिलं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. वर्षभरात त्या वाशी सोडून गेल्या.

त्या एका ‘नाही’मधून पुढे काय काय निघालं ते मला तेव्हा कळलं नाही. डॉक्टरांचं म्हणणं असं पडलं की श्वास संपत आला की माणूस धडपडतो, खूण करतो. ही मुलगी काहीच न करता गेली, म्हणजे हा श्वासाचा प्रकार नव्हे, झटका असावा. फिट. तपासण्यांत काही निघालं नाही, पण कागदावर संशय राहिला. तसल्या मुलीला पाण्यात कोण घेणार? शिबिरातून नाव गेलं. क्लबनं दार बंद केलं. मग ‘करावेच्या पोरीला फिट येते’ हे गावभर झालं, आणि लग्न जमवायच्या वेळी ते पुन्हा वर आलं.

एकेरीला माझं नाव गेलं. मी गेले. नाही म्हणाले नाही.

हर्षला हॉस्पिटलमधून घरी आली त्यानंतर एका दुपारी तिची आई आमच्या घरी आली. आम्ही शाकाहारी म्हणून तिनं मासळी आणली नव्हती. घरच्या नारळाच्या वड्यांचा डबा आणला होता, केळीच्या पानानं झाकलेला. सोफ्यावर बसेना. आईनं आग्रह केला तरी नाही. सरळ माझ्याकडे आली आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“तिच्या हातावर तुझी बोटं उठलीत,” ती म्हणाली. “काळीनिळी. अजून हायत. तू सोरलं नाय तिला. येवरं घट धरलंस, म्हनून माजी पोर पार तलाला गेली नाय.”

आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. माझी दृष्ट काढली तिनं.

माझी आई भरल्या डोळ्यांनी बघत होती. मी काय केलं? मी वाकून नमस्कार केला.

त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, सेक्रेटरींचं भाषण. मैत्रिणीचा हात न सोडणारी मुलगी, म्हणाले. बाबांनी फोटो काढले.

आता सगळ्यात वाईट. तुम्ही म्हणाल, याहून वाईट काय? मलाही बराच काळ वाटायचं की पाण्याखाली जे झालं तेच सगळ्यात वाईट. तसं नाही. पाण्याखाली वेळ नव्हता. हे जे सांगतेय तिथं वेळच वेळ होता.

पावसाळा संपला होता. मी करावेला गेले, आईनं पाठवलं म्हणून. हर्षला जेट्टीवर एका उलट्या होडीला टेकून बसली होती. फार वाळली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, ओहोटी होती, चिखलात बगळे फिरत होते. मी शेजारी जाऊन बसले. मग ती खाडीकडे बघतच म्हणाली, “मेधा, मना एक सांग. मी दाबलं व्हतं ना गो?”

मी होडीचा निघालेला रंग नखानं खरवडत राहिले.

“मना आठवतं असं. मी दाबलं. मग मी हात ओढला. पन डॉक्टर बोलतो, असं काय झालंच नाय, झटक्यात मानसाला काय पन भास व्हतात. आई बोलते, मेधानं तर तुला धरून ठेवलं. मना कलतच नाय.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “तू व्हतीस ना तिथं. तू सांगशील तेच खरं.”

तिला माझ्यावर आरोप करायचा नव्हता. तिच्या डोळ्यांत तसलं काही नव्हतं. तिला फक्त तिचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, एवढं हवं होतं. मी ‘हो’ म्हटलं असतं तर तिनं कुणाला सांगितलंही नसतं, मी ओळखते तिला. ती उठली असती, मला एक फटका मारला असता, रडली असती, आणि कदाचित पुन्हा पाण्यात गेली असती. माझं काय गेलं असतं? स्पर्धा संपली होती. पदक आम्हाला मिळालंच नव्हतं. तिथं कोणी परीक्षक नव्हते, कोणी बघत नव्हतं.

मी म्हणाले, “नाही गं. तू काहीच केलं नाहीस. एकदम गेलीस तू.”

“मंग मना आठवतं ते?”

“भास असेल.”

तिनं मान हलवली. हळूहळू, दोन-तीनदा, एखादी गोष्ट पटवून घेतल्यासारखी. “असंल,” म्हणाली. मग म्हणाली, “तू नसतीस तं मी मेले असते,” आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मी पाण्यात तिचा श्वास अडवला होता. जेट्टीवर मी तिच्याकडून तिची आठवण काढून घेतली. आणि तिनं ती दिली, माझ्यावर विश्वास होता म्हणून.

त्यानंतर ती पाण्यात गेली नाही. होडीतसुद्धा बसायची नाही. खाडीच्या काठावर जन्मलेली मुलगी — घागर भरतानाही कुणीतरी जवळ हवं म्हणायची, आपला भरवसा नाही म्हणायची. मी एकेरीत काही वर्षं पोहले. कुठं तिसरी, कुठं चौथी. मग कॉलेज, मग लग्न. तिचं लग्न बरंच उशिरा झालं, उरणच्या बाजूला. नवरा साधा, चांगला. एक मुलगी.

मी आता कामोठ्याला राहते. तिथल्या एका सोसायटीच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवते. हो, शिकवते. मुलांना मी पहिल्या दिवशी सांगते की घाबरलात तर माझा हात दाबा. आणि ती दाबतात, आणि मी लगेच वर घेते. मी चांगलं शिकवते असं पालक म्हणतात.

काही वर्षांपूर्वी हर्षलाचा फोन आला. मधून मधून येतो, गणपतीला, दिवाळीला. या वेळी कारण होतं. तिची मुलगी सानिका तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. शाळेच्या सहलीत कुठंतरी तलावात उतरली आणि आल्यापासून हट्ट धरून बसली होती की पोहायला जाणार. शाळेतल्या सरांनी घरी येऊन सांगितलं होतं, ही मुलगी पाण्यात वेगळीच आहे, हिला शिकवा.

“मना भ्या वाटतं,” हर्षला म्हणाली. “माज्यासारखी असंल तं? कलनार पन नाय कोनाला. तिचा बाप बोलतो, मेधाताईंना विचार, त्या बोलल्या तं पाठवू. तुज्याकडंच पाठवीन मी, शनवार-रविवार. मी सोबत येईन, काठावर बशीन. तू सांग. तू तं बघितलंयस मना काय झालं व्हतं.”

मागे मुलीचा आवाज येत होता. “आई, विचारलंस का? काय म्हणाल्या मावशी?”

मी तलावाच्या ऑफिसात उभी होते. काचेतून पाणी दिसत होतं. आणि मला दिसलं — दर शनिवारी, दर रविवारी हर्षला काठावर बसलेली. मी पाण्यात तिच्या मुलीचा हात धरलेला, आणि ती बघतेय.

मी म्हणाले, “नको पाठवूस.”

“रिस्क कशाला घ्यायची?” मी म्हणाले. “असल्या गोष्टी रक्तात असतात. दुसरं काहीतरी शिकव तिला.”

“व्हय,” ती म्हणाली. “बरं झालं तुला विचारलं.” फोनवर हात ठेवून ती मुलीला काहीतरी बोलली. मुलीचा आवाज थांबला. मग हर्षला परत फोनवर आली. “तुजे लय उपकार हायत गो आमच्यावर. तवा पन, आता पन.”

मी म्हटलं, “अगं, असू दे.”

मुलं पायऱ्यांवर रांगेत उभी राहिली होती. मी फोन ठेवला आणि त्यांना शिकवायला गेले.